मेलेल्याचं लाल पाकीट

पेंग दाहेला मरायचं काम फार छान जमायचं. ही टिंगल नाही. हेंगद्यानच्या सिनेनगरीत ज्याला चांगलं मरता येतं त्याच्या पोटाला ददात नसते. इथल्या खोट्या राजवाड्यांच्या पायऱ्यांवर वर्षभर लढाया चालतात, आणि लढाई म्हटली की मुडदे आलेच. मुकादम सकाळी चौकात उभा राहून ओरडायचा, "मुडदे डावीकडे, जिवंत उजवीकडे!" दाहे न विचारता डावीकडे जायचा. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही, कानाशी घोड्याची टाप आपटली तरी पापणी लववायचा नाही. त्याच्या गावात पोरं आंब्याच्या झाडावर चढतात तशी... छे, आंबा कुठला, संत्र्याची झाडं ती. डोंगरापलीकडच्या त्या संत्र्यांच्या गावातून तो नट व्हायला आला होता, हे सांगायचं होतं.

मरण्याचा आमच्याकडे एक रिवाज आहे. कॅमेऱ्यासमोर मेलेल्या माणसाने उठल्यावर आधी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे खरं मरण फसतं. मग त्याला एक लाल पाकीट मिळतं. त्यात एखादी नोट आणि एक खडीसाखरेचा खडा. ते पाकीट त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत खर्चून टाकायचं, खाण्यावर उडवलं तर उत्तम. घरी न्यायचं नाही, उशाशी ठेवायचं नाही. मरणाचा पैसा आहे तो, आला तसा जाऊ द्यायचा. एक्स्ट्रा लोक हा रिवाज धर्मासारखा पाळतात, कारण त्या पैशात मांसाच्या रश्शातल्या शेवया येतात, आणि तेवढ्यासाठी कुणीही धार्मिक होतं.

मरण्यात एकच वाईट होतं. मुडद्याने तोंड फिरवून पडायचं असतं. हिरो रडत असताना मागे कुणाचं तोंड दिसलं तर लोकांचं लक्ष जातं ना! त्यामुळे इतकी वर्षं पडद्यावर दाहेची पाठ होती, टाच होती, एकदा तर नुसता हात होता. आणि तिकडे गावात त्याची आई टीव्हीला डोळे लावून बसलेली.

"झेंड्याजवळ बघ आई, शेवटच्या लढाईत."

"झेंड्याजवळ कुणाची तरी पाठ आहे."

"तीच माझी."

"पाठ काय बघायची? शाळेत जाताना रोज दाखवायचास पाठ. वळून बघायचा नाहीस मेला." मग आईच्या लक्षात यायचं की आपण काय बोललो, आणि ती तीनदा थुंकून लाकडी दाराला हात लावायची. "पाकीट खर्चलंस ना?"

"खर्चलं. शेवया खाल्ल्या."

"मग ठीक. पण दाहे, एकदा तरी जिवंत दाखव की रे."

हे वाक्य ती प्रत्येक फोनला म्हणायची. तिला काय गल्लीत तोंड दाखवायचं नव्हतं? कोपऱ्यावरचा दुकानदार तिला मीठ देता देता विचारायचा, "काकू, दाहे आज कुठल्या चॅनलवर मेला?" दुकानातल्या बाया हसायच्या. आईही हसायची, आणि घरी येऊन मिठाची पिशवी आदळायची. दाहेचा बाप पोराला एकदाही पडद्यावर न बघता गेला. आईने तसं जायचं नाही असं ठरवलं होतं. दाहेने त्याहून जास्त ठरवलं होतं.

नशीब उघडलं ते मरता मरताच. कुठल्याशा मालिकेच्या सेटवर फेई नावाचा दिग्दर्शक आपल्या मित्राला भेटायला आला होता. या फेईने तरुणपणी एक छोटा सिनेमा काढला होता, त्याचं कौतुक झालं होतं, आणि त्या कौतुकावर तो कितीतरी वर्षं उपाशी जगला होता. त्या दिवशी लढाई संपली, मुडदे उठले आणि रिवाजाप्रमाणे दात विचकून पुढे गेले. दाहे मात्र नीट हसला. आपल्याला कुणी आवडीने बघतंय असं समजून हसतात तसा. फेई थांबला.

"मेल्यावर इतकं गोड हसतोस, मग जिवंतपणी काय करतोस?"

"जिवंतपणी काम मिळत नाही, सर."

फेई इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढच्या महिन्यात दाहेला त्याच्या सिनेमात थोरल्या भावाचं काम मिळालं.

सिनेमा अद्भुताचा होता. 'ढगांचा सेतू' त्याचं नाव. ढगांवर एक पूल, त्याची राखण करणारे दोन भाऊ, आणि पुलाखालून येणारा काळोख. थोरल्याच्या अंगात काळोख शिरतो, धाकट्याला त्याच्यावर तलवार चालवावी लागते, आणि थोरला मरता मरता भावाचं कपाळ पुसतो. फेईने ही गोष्ट दहा वर्षं उराशी धरली होती. कंपनीने पैसे दिले ते मात्र गोष्टीकडे बघून नाही. धाकट्या भावाचं काम जी यूचेन करणार होता म्हणून दिले. यूचेन म्हणजे तेव्हा देशातल्या निम्म्या पोरींच्या फोनवरचं चित्र. विशी नुकती ओलांडलेला, काचेच्या भांड्यासारखा नाजूक, आणि उंचीला घाबरणारा. तारांनी बांधून वर उचललं की डोळे मिटून आईला हाक मारायचा.

त्याला संवादही पाठ व्हायचे नाहीत. आवाज नंतर दुसऱ्याचाच भरायचा होता, म्हणून तो सरळ आकडे म्हणायचा. इकडे दाहे पुलावर रक्ताने माखून पडलेला, डोळ्यांत खरं पाणी, "लहानग्या, पूल सोडू नकोस," म्हणतोय, आणि लहानगा त्याचं डोकं मांडीवर घेऊन हुंदके देत म्हणतोय, "पाच सहा सात, आठ नऊ दहा!" पुलाच्या रक्षक-देवीचं काम करणारी आन निंग मागे उभी होती. नाट्यशाळेतून पहिली आलेली पोरगी, पण तिलाही हसू आवरेना, आणि टेक वाया गेला.

"हसतेस काय गं?" दाहे म्हणाला. "त्याच्या आकड्यांत दुःख आहे."

"दाहेदादा, तुला तर भाजीवाल्याने भाव सांगितला तरी रडू येईल," आन निंग म्हणाली. यूचेनही खळाळून हसला. तसा वाईट नव्हता तो पोरगा. चाहत्या पोरींनी पाठवलेली चॉकलेटं तो दाहेला आणून द्यायचा आणि 'दादा, दादा' करत मागे फिरायचा. एवढ्या गर्दीत आपल्याशी खरं बोलणारं कुणी नाही, हे त्याला कळत होतं बहुतेक.

पुलावरच्या मरणाचा टेक पुरा झाला. दिवे धरणारा गडी नाक ओढत होता. दाहे उठला, कॅमेऱ्याकडे बघून हसला, आणि फेईने स्वतः येऊन त्याच्या हातात लाल पाकीट दिलं. एरवी पाकिटं गठ्ठ्याने येतात, कोरी. या पाकिटावर फेईने कुंचल्याने, काळ्या शाईत लिहिलं होतं: पेंग दाहे, थोरला भाऊ.

दाहे त्या अक्षरांकडे बघतच राहिला. हेंगद्यानमध्ये इतकी वर्षं काढली, पण त्याचं नाव कुणी लिहिलं नव्हतं. एक्स्ट्राला नाव नसतं, बिल्ला असतो. 'ए, तू उंच!' एवढंच नाव. सेटवर चहावाल्यालासुद्धा लोक सर म्हणतात, पण मुडद्याला कोण सर म्हणणार?

"आज खर्चून टाक हं," आन निंग म्हणाली. "ठेवू नकोस."

"खर्चतो गं."

नाही खर्चलं. शेवयांच्या दुकानापर्यंत गेला, पाकीट काढलं, आणि फोडवेना. दुकानदार ते फाडून चुलीत टाकणार, अक्षरांसकट. त्याने खिशातले दुसरे पैसे देऊन शेवया खाल्ल्या आणि पाकीट फोनच्या कव्हरमागे घातलं. इतक्या वेळा बिननावाचा मेला तेव्हा रिवाज पाळला, आणि नाव लावून मेला तेव्हाच मोडला. याला काय म्हणावं? मला तर त्याचा राग येतो आणि कीवही येते.

पुढचे काही महिने दाहे जमिनीवर नव्हता. पोस्टर आलं. त्यात यूचेनचं तोंड ताटाएवढं, आन निंगचं बशीएवढं आणि कोपऱ्यात काळ्या धुरात दाहेचं, अंगठ्याएवढं. पण समोरून, डोळे उघडे असलेलं! आईने ते मोठं छापून घेतलं आणि नेमकं त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्याच भिंतीवर लावलं. "मीठ दे," म्हणाली, "आणि त्या काळ्या धुरात कोण आहे ते सांग बघू." दुकानदाराने त्या दिवशी मिठाचे पैसे घेतले नाहीत म्हणतात.

फेईने दाहेला बजावलं, "आता पुन्हा मुडदा म्हणून पडायला जाऊ नकोस. सिनेमा आला की लोक विचारतील हा कोण. तेव्हा तू कुठल्या पायऱ्यांवर पालथा पडलेला दिसता कामा नयेस." दाहेने कानाला खडा लावला. मुकादमाला नाही म्हणून सांगितलं आणि स्कूटरवरून लोकांची जेवणं पोचवायला लागला. म्हणायचा, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे.

सिनेमा यायला पंधरवडा उरला होता आणि यूचेनचा व्हिडिओ आला. दारू प्यायलेला, गाडी ठोकलेली, आणि अडवणाऱ्या पोलिसाला तोंडाला येईल ते बोलतोय. सकाळी व्हिडिओ आला. दुपारी जाहिरातींवरून त्याचं तोंड उतरलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या जुन्या मालिकांमधूनही त्याचं नाव गेलं, असा माणूस जन्मलाच नव्हता इतकं साफ. आणि ज्या सिनेमात असा माणूस आहे तो सिनेमा लागत नाही. 'ढगांचा सेतू' डब्यात गेला. दुकानाच्या भिंतीवरचं पोस्टर दुकानदाराने काढलं नाही, आईनेच काढलं. गुंडाळून कपाटावर ठेवलं.

दाहे दिवसभर खोलीत बसून पाकिटाकडे बघत होता. आता तरी ते खर्चावं असं त्याला वाटलं. पण आता सिनेमाचं त्याच्याकडे दुसरं उरलं काय होतं? नाव म्हणून तेवढंच. यूचेनला दारू त्याने पाजली नव्हती, हे काय त्याला कळत नव्हतं? तरी मनात एकच घोळत राहिलं, की मी मरणाचा पैसा घरात ठेवला आणि तो सगळ्यांना भोवला. हे तो कुणाजवळ बोलला नाही. आईजवळ तर नाहीच.

दोन पावसाळे गेले. आन निंगला काम मिळेना. डब्यातल्या सिनेमातली म्हणून लोक तिला अपशकुनी समजायला लागले. शेवटी ती फोनसमोर बसून ओठांचे रंग विकायला लागली. नाट्यशाळेत पहिली आलेली पोरगी दिवसभर हसत म्हणायची, "ताईंनो, हा रंग लावला की सासूसुद्धा विचारेल कुठून आणला!" चांगलं विकायची. दाहे कधीतरी बघायचा. तिचे डोळे त्याला पुलावरच्या देवीचेच वाटायचे, मग तो फोन बंद करायचा.

मग एक दिवस फेईचा फोन आला. शेवयांच्या दुकानात भेटले. फेईचे केस पार पांढरे झाले होते, आणि त्याने शेवया मागवून खाल्ल्या नाहीत.

"सिनेमा बाहेर काढतायत," फेई म्हणाला. "यूचेनच्या जागी नवा पोरगा. तो काही पुन्हा शूटिंग करणार नाही, त्याला वेळ नाही. एका खोलीत बसून फक्त चेहरा देणार. रड म्हटलं की रडेल, हस म्हटलं की हसेल. कॉम्प्युटरवर तो चेहरा चिकटवायचा."

"कशावर चिकटवायचा?"

फेई चॉपस्टिक खालीवर करत राहिला. "अंगावर. अंग नव्याने शूट करायचंय, हिरव्या पडद्यासमोर. उंची जुळली पाहिजे, तलवारीचे हात माहीत पाहिजेत. दाहे, यूचेनचे सगळे हात तू त्याला शिकवले होतेस."

दाहेला उलगडायला वेळ लागला. "म्हणजे लहान भाऊ मी करायचा?"

"लहान भावाचं अंग."

"आणि थोरला?"

"थोरल्याचं बरंच कापावं लागणार," फेई म्हणाला. "तुझ्या प्रत्येक शॉटमध्ये यूचेन आहे. चेहरा बदलायला फार पैसे लागतात, कंपनी म्हणते कापा. पण पूल ठेवतो. पुलावरचं तुझं मरण ठेवतो, त्यांच्या नाकावर टिच्चून ठेवतो. तेवढं राहिलं तर सिनेमा माझा, नाहीतर नाही."

"पुलावर माझं तोंड दिसतं ना, सर? आधी बोलतो तेव्हा? जिवंत?"

"दिसतं. पूर्ण पडदाभर."

"मग मी येतो," दाहे म्हणाला. त्याने दुसरं काहीच विचारलं नाही. माणूस इतका सरळ असू नये.

हिरव्या पडद्यासमोर दाहेने लहान भावाचे कपडे घातले. डोक्याला हिरवी टोपी, तोंडावर नवा चेहरा चिकटवायच्या खुणांचे ठिपके. समोर कुणी नाही. तो तलवार चालवायचा ती स्वतःवरच, म्हणजे जिथे पूर्वी थोरला उभा होता तिथे. पुलावरच्या मरणात त्याने स्वतःचं डोकं मांडीवर घेतल्यासारखं हवेला धरलं आणि आकडे म्हटले. शब्द त्याला पाठ होते, पण लय यूचेनच्या जुन्या आकड्यांशी जुळायला हवी होती. "पाच सहा सात." या वेळी कुणी हसलं नाही. आन निंग असती तर कदाचित हसली असती.

शेवटी नवा एक प्रसंग घातला होता. लहान भाऊ देव्हाऱ्यासमोर, थोरल्याच्या चित्राला उदबत्ती लावतो. अशा चित्राचाही रिवाज असतो. जिवंत नटाचं मेलेला म्हणून चित्र काढलं तर चित्रकार मुद्दाम गालावर एक तीळ काढतो, जो त्या नटाला नाही. म्हणजे ते चित्र त्याचं राहत नाही. चित्रकाराने दाहेला बोलावून विचारलं, "तीळ डाव्या गालावर देऊ की उजव्या?"

"देऊच नका," दाहे म्हणाला. "माझ्यासारखं काढा. अगदी माझ्यासारखं. आई ओळखणार नाही नाहीतर."

"वेडा आहेस का रे?"

"पूल आहेच. हे आपलं जास्तीचं."

चित्रकाराने खांदे उडवले आणि तीळ दिला नाही. दाहेने लहान भावाच्या कपड्यांत स्वतःच्या चित्राला तीन उदबत्त्या लावल्या. ज्योत फुंकून नाही, हात हलवून विझवली, डावा हात. कपाळाला लावून तीनदा वाकला. त्याचा बाप अशीच ज्योत विझवायचा, असाच वाकायचा.

सिनेमाची तारीख लागली. दाहेने आईला फोन केला, तर त्याचं सांगून व्हायच्या आधीच तिने रडायला सुरुवात केली. तालुक्याच्या थिएटरात पहिल्या दिवशी दुपारचा खेळ, गल्लीतल्या सगळ्या बायांची तिकिटं ती काढणार होती. दुकानदाराचंसुद्धा. "त्याचं आधी," म्हणाली. कपाटावरचं पोस्टर पुन्हा भिंतीवर गेलं. यूचेनच्या ताटाएवढ्या तोंडावर तिने नवीन वर्षाचं देवाचं लाल चित्र चिकटवलं, बाकीचं तसंच ठेवलं.

त्यानंतर आन निंगचा फोन आला. आवाज ओठांचे रंग विकताना असतो तसा नव्हता. "दाहेदादा, फेई सरांना काढलंय असं ऐकलं. एडिटिंग दुसऱ्यांनी केलंय."

दाहेने फेईला लावला. फेई आपल्या गावी गेला होता. एका दुकानसंकुलात लहान मुलांचे अभिनयाचे वर्ग घेत होता. मागे पोरं वाघाचा आवाज काढत होती.

"पूल आहे ना, सर?"

फेई पोरांना गप्प बसवून आला. "मला दाखवलेला नाही सिनेमा," तो म्हणाला. "खरं सांगतो, मला माहीत नाही. भांडलो मी. मग त्यांनी दारच लावून घेतलं." मग म्हणाला, "असेलही. त्यांच्यातही कुणाला तरी अक्कल असेल."

दाहे आईला 'जाऊ नका' म्हणू शकला असता. चार वेळा फोन हातात घेतला. पण पूल असेलही, असं फेई म्हणालाच होता. माणूस अशा 'असेलही'ला किती घट्ट धरतो! शिवाय आईने नवीन कोट शिवून घेतला होता.

थिएटरात गल्लीतल्या बायांनी संत्री सोलायला घेतली होती. दाहे आदल्या रात्रीच गावी आला होता, तो आईच्या शेजारी बसला. पडद्यावर ढग आले, पूल आला, आणि पुलावर एकटा लहान भाऊ उभा. नव्या पोराचा सुंदर चेहरा, आणि खाली दाहेची मान, दाहेचे खांदे. मागून कुणाचा तरी आवाज सांगत होता की फार पूर्वी या पुलाची राखण दोघे भाऊ करायचे, पण थोरला मेला. झालं. गोष्ट सुरूच त्यानंतर झाली होती. दाहेला कळलं. तरी तो वाट बघत राहिला, कुठेतरी आठवण म्हणून तरी पूल येईल.

"तू कधी?" आईने कुजबुजत विचारलं.

"येईल आई. पुढे आहे."

थोड्या वेळाने पुन्हा, "दाहे, कधी?"

मग देव्हारा आला. पडदाभर चित्र होतं. दाहेचं तोंड, समोरून, डोळे उघडे, तीळ नसलेलं, काळ्या चौकटीत. समोर उदबत्त्यांचा धूर. मागच्या रांगेतली एक बाई बोलून गेली, "अगं बाई, हा तर आपला..." आणि कुणीतरी तिला कोपर मारलं. दुकानदार संत्र्याची फोड तोंडाजवळ धरून तसाच राहिला. पडद्यावरच्या लहान भावाने डावा हात हलवून ज्योत विझवली, उदबत्त्या कपाळाला लावल्या.

आईने पडद्यावरचा तो हात बघितला, मग अंधारात शेजारचा दाहेचा हात चाचपून बघितला. ती थुंकली नाही, लाकडाला हातही लावला नाही.

"हा हात तुझ्या बापाचा आहे," ती म्हणाली. "म्हणजे तुझा. तूच लावतोयस ना रे उदबत्ती?"

"हो."

"स्वतःलाच?"

सिनेमा पुढे चालत राहिला, आणि त्याचं तोंड पुन्हा आलं नाही. शेवटी नावं आली. फेईचं नाव बारीक, मुंगीएवढं. थोरला भाऊ असं काही नव्हतंच. 'अंग' असंही काही नव्हतं.

बाहेर ऊन होतं. बाया एकमेकींकडे बघत फरशीवर उभ्या राहिल्या. दुकानदार, जो आयुष्यभर खिदळत आला, तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसला. थिएटरासमोर फक्त तोफूची गाडी होती.

आईने हात पुढे केला. "पाकीट."

"कुठलं?"

"मला शिकवू नकोस. मेल्याचं चित्र तीळ न देता लावलंय, सिनेमा दोन वर्षं डब्यात. तू पाकीट ठेवलंयस. कुठलं तरी नक्की ठेवलंयस. आण."

दाहेने फोनचं कव्हर काढलं. पाकिटाच्या कडा झिजल्या होत्या, अक्षरं मात्र तशीच होती. आईला वाचता येत नव्हतं फारसं, पण मुलाचं नाव यायचं. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"कुणी लिहिलं?"

"सरांनी."

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली, आणि पाकीट फोडलं. खडीसाखर विरघळून कागदाला चिकटली होती. नोट तिने तोफूवाल्याला दिली. "सगळ्यांना दे, पुरेल तेवढं." मग कागद गाडीखालच्या शेगडीत सरकवला. लाल कागद चटकन पेटला. दाहे पुढे झाला होता, पण आईने त्याला दंडाला धरून ठेवलं.

बायांनी वाट्या हातात घेतल्या आणि खायला लागल्या. आमच्याकडे माती देऊन आल्यावर तोफू खातात. कुणी तसं म्हटलं नाही, पण सगळ्यांना ते माहीत होतं, आणि बायांनी वाट्या संपवल्या, एक तुकडा न टाकता. दुकानदार दाहेजवळ आला आणि त्याच्या वाटीत आपल्यातला तोफूचा मोठा तुकडा टाकून निघून गेला.

"संत्री उतरवायला राहतोस का?" आईने विचारलं.

"नाही. जातो उद्या. मुकादमाला फोन करतो."

"जिवंतांत घेईल?"

"नाही गं आई. आता नाही घेणार कुणी."

आई नवीन कोटाची बटणं लावत होती. वरचं बटण नीट बसत नव्हतं. दाहेने वाकून लावून दिलं. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ बघितलं, ओळख पटवून घ्यावी तसं.

"मग मेलेलाच पड," ती म्हणाली. "पण तोंड कॅमेऱ्याकडे करून पड. ओरडले तर ओरडू देत. मला दिसू दे."